वेढा, वेढे आणि वेढणी



मागच्या वेळी आपण किल्ल्यांबद्दल बोललो, तेव्हा 'वेढा' हा शब्द निदान दहा वेळा आला असेल. कार्यक्रम संपल्यावर एका ताईंनी निरोप धाडला, "बाई, किल्ल्याला पडतो तो वेढा, मग आमच्या बोटातलं वेढं ते कुठलं? दोन्ही एकच का?" प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. एकीकडे हजारो घोडेस्वार आणि तोफा, दुसरीकडे दोन-तीन ग्रॅम सोनं, आणि नाव मात्र एक. तर आजचा सगळा वेळ या एका शब्दाला.

उत्तर आधीच सांगून टाकते. हो, दोन्ही एकच.

संस्कृतात 'वेष्ट्' असा धातू आहे, म्हणजे गुंडाळणं, भोवती फिरवणं. त्याचंच 'वेष्टन', जे आपण पुस्तकाला घालतो किंवा साबणाच्या वडीवरून काढून टाकतो. हे 'वेष्टन' जसंच्या तसं पोथीतून आलं. 'वेढा' मात्र लोकांच्या तोंडातून, झिजत झिजत आला. कसा झिजला ते बघा. मुष्टिची मूठ झाली, पिष्टाचं पीठ झालं, ओष्ठाचा ओठ झाला. संस्कृतातला अवघड 'ष्ट', 'ष्ठ' आपल्या आज्या-पणज्यांनी सोपा करून 'ठ' केला. काही शब्दांत तो आणखी मऊ होऊन 'ढ' झाला. दंष्ट्रेची दाढ झाली, तसं वेष्टचं वेढ झालं. प्राकृतात हे 'वेढ' सापडतं, आणि मराठीत त्याचा मोठा संसार झाला. वेढणं, वेढा, वेढे, वेढं, वेढणी. सापाचं वेटोळं आणि वेटाळणं हेही याच कुळातले. एक मात्र लक्षात ठेवा, 'वेठबिगार' मधली वेठ या घरची नाही. ती 'विष्टि' या शब्दावरून आली, तिचा अर्थ सक्तीचं, फुकटचं काम. कानाला सारखी लागली तरी नाती वेगळी.

आता वेढा आणि गोल यांतला फरक. हा फरक समजला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. बांगडी गोल आहे. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, बोट फिरवत राहिलात तर तिथल्या तिथेच याल. वेढा तसा नसतो. तो फिरून मूळ जागेजवळ येतो, पण मूळ जागेवर येत नाही, जरा पुढे सरकतो आणि पुन्हा फिरतो. म्हणून वेढे मोजता येतात. "दोरीला चार वेढे दे" असं आपण म्हणतो. चार बांगड्या म्हणजे चार वस्तू, पण चार वेढे म्हणजे एकच दोरी. आणि दोरीला दोन टोकं असतात. जे वेढलं ते टोक सापडलं की सुटतं. घट्ट आवळता येतं, सैल करता येतं.

घरात बघा किती वेढे सापडतात. अंबाड्याभोवती गजऱ्याचे वेढे. रहाटाला दोराचे वेढे. फेट्याचे वेढे. मांडवावर चढणारा दोडक्याचा वेल पुढे बारीक तंतू काढतो आणि तारेला वेढे घालून धरून ठेवतो. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ते अंगाभोवती वेढायचं, त्यात ना शिवण, ना गुंडी, ना नाडी, आणि तरी बाई दिवसभर वाकून भात लावते. शिवलेल्या कपड्याला माप लागतं. वेढलेलं वस्त्र बाईच्या देहाप्रमाणे कमी-जास्त होतं. पोटुशी असताना तेच, बाळंतपणानंतर तेच, म्हातारपणी तेच. माझ्या मते लुगड्याचं खरं शहाणपण ते हेच आहे, पण यावर पाचवारीवाल्या माझ्याशी भांडतील, म्हणून पुढे जाते.

ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतो तोही वेढाच. एक धागा, सात फेरे. आपण फिरतो तो फेरा, आणि झाडावर उमटतो तो वेढा. आपण प्रदक्षिणा संपवून घरी येतो, वेढे तिथेच राहतात.

साप निजतो तेव्हा वेटोळं घालून निजतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला भगवद्गीतेवरची आपली टीका सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे. शरीरात निजलेली ही शक्ती कशी, तर कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी, अंगाची वळणं करून, तोंड खाली घालून झोपलेली. 'कुंडलिनी' हा शब्दच मुळी 'वेटोळं घातलेली' असा आहे. कानातलं कुंडल, ज्योतिषाची कुंडली, ही तिचीच भावंडं. ज्ञानेश्वर तिची वळणं मोजतात, साडेतीन. त्यासाठी त्यांनी जुना मराठी शब्द वापरलाय, 'औट'. आपल्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांना शाळेतली औटकी आठवत असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. एक औटं साडेतीन, दोन औटं सात. तेच हे औट. गोल कधी साडेतीन होत नाही, वेढाच साडेतीन होऊ शकतो. देह साडेतीन हातांचा, देवीची पीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन. या साडेतीन मुहूर्तांतल्या दसऱ्याला, पाडव्याला सराफाच्या दुकानात काय मागितलं जातं? वेढणी.

आता या वेढणीपाशी जरा थांबू या. कुणी वेढं म्हणतं, कुणी वेढणी. ही एक सोन्याची तार, बोटाभोवती दोन-तीन-चार वेढे दिलेली. तिच्यात खडा नाही, नक्षी नाही, मीनाकाम नाही. नव्या मुलींना ती साधी वाटते, जुनाट वाटते. पण तिची रचना बघा. बाकीचे दागिने बहुधा बावीस कॅरटचे असतात, कारण शुद्ध सोनं मऊ. त्याची घडण टिकत नाही, खडा त्यात बसत नाही. वेढणीत बसवायचंच काही नाही, म्हणून ती चोख चोवीस कॅरटची करता येते. तार नुसती फिरवलेली, तिला जोड नाही, आणि जोड नाही म्हणून जोडासाठी लागणाऱ्या दुसऱ्या धातूची भरही नाही. टोकं मोकळी, म्हणून आज आईच्या बोटात, उद्या लेकीच्या. बोट बारीक झालं तर वेढे आवळायचे, जाड झालं तर सैल करायचे. आणि मोडायला नेली तर मजुरी बुडाल्याचं दुःख फारसं नाही, कारण घडणावळच थोडी होती. वजन करायचं आणि पैसे घ्यायचे.

म्हणजे वेढणी हा दागिना कमी आणि बचत जास्त आहे. बँक दारात येण्याच्या कितीतरी आधीपासून बाईकडे ही बँक होती. भिशी फुटली की वेढणी, दुधाचे पैसे साठले की वेढणी, गुरुपुष्यामृताला एक ग्रॅमची का होईना पण वेढणी. आणि मुलाची फी, विहिरीची मोटार, दवाखाना, या सगळ्याला पहिल्यांदा बाहेर निघते तीही वेढणीच. मंगळसूत्र शेवटी, पाटल्या त्याच्या आधी, वेढणी सगळ्यांच्या आधी.

सरकारचंही या पिवळ्या तारेकडे लक्ष होतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये सोनं नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही, असा तो नियम. चौदा कॅरट म्हणजे शंभर भागांत अठ्ठावन्न-एक भाग सोनं, बाकी दुसरा धातू. कित्येक सोनारांची भट्टी त्यात विझली. चौदा कॅरटची अट काही वर्षांत मागे घ्यावी लागली, पण १९६८ चा सोनं नियंत्रण कायदा राहिला तो थेट १९९० पर्यंत. या कायद्याच्या नजरेत लगड वेगळी आणि दागिना वेगळा. लगड घरात ठेवायची नाही, दागिना चालेल. आपली वेढणी बघायला गेलं तर या दोन्हींच्या मधोमध. सोनं लगडीसारखं चोख आणि नाव दागिन्याचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पत्रं नेहमी येतात. लग्नात आईवडिलांनी, मामानं, सासरच्यांनीसुद्धा तुम्हाला दिलेलं सोनं हे तुमचं स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली, आणि त्यात स्त्रीधन स्पष्ट शब्दांत घातलं. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ते सोनं नवऱ्याच्या किंवा सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. ते नुसतं सांभाळायला दिलेलं. मागितल्यावर परत न देणं हा फौजदारी गुन्हा होतो. म्हणून पावती स्वतःच्या नावावर घ्या, आणि लग्नात काय मिळालं त्याची यादी, वजनासकट, वहीत लिहून ठेवा. बोटात असलेलं दिसतं, कपाटातलं विसरलं जातं.

चला, आता बोटावरून किल्ल्यावर जाऊ.

किल्ल्याला वेढा पडतो म्हणजे काय होतं? सैन्य येतं, डोंगराच्या पायथ्याशी फिरून चौक्या बसवतं, मोर्चे लावतं, वाटा अडवतं. वर जाणारा दाणागोटा बंद. मग वाट बघायची. वरचं धान्य, पाणी, दारूगोळा संपेपर्यंत. आणि भाषा ऐका. वेढा घालतात, वेढा आवळतात, वेढा सैल पडतो, वेढा उठतो, वेढा फुटतो. यातले निम्मे शब्द दोरीचे आहेत. लढाईची गोष्ट सांगताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भिंत येत नाही, दोर येतो. ते खरंही आहे. डोंगरी किल्ल्याला सगळीकडून सारखी भिंत कोण घालणार? मध्ये दऱ्या, कडे, जंगल. वेढ्याला कुठेतरी सैल जागा असतेच. पन्हाळ्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहर बसला होता, शरण येतो असा निरोप गेला, पहारा ढिला पडला, आणि जुलैतल्या पावसाच्या रात्री महाराज निसटले. मी ती पुन्हा सांगत नाही.

मला सांगायचं आहे ते आतल्या बायकांबद्दल. वेढ्याच्या गोष्टी आपण बहुधा दोनच लोकांच्या ऐकतो, वेढा घालणारा आणि निसटणारा. जे मागे उरतात त्यांचं काय?

रायगड, १६८९. संभाजी महाराजांना ११ मार्चला मारलं. त्याच महिन्यात मोगलांचा इतिकादखान रायगडाखाली येऊन बसला. पुढे जुल्फिकारखान म्हणून प्रसिद्ध झाला तो हाच. गडावर कोण? येसूबाई, शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, नुकतीच विधवा झालेली. तिचा मुलगा शाहू, सात वर्षंही पुरी न झालेला. आणि दीर राजाराम, विशीच्या आतला. सगळे एकाच किल्ल्यात अडकले तर राज्य एका झडपेत जाईल. तेव्हा राजारामांनी गड सोडावा, बाहेरून लढावं, आणि आपण मुलासह गडावर राहावं, असा सल्ला येसूबाईंनी दिल्याचं बखरी सांगतात. एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम बाहेर पडले. वाघ दरवाज्याच्या अवघड वाटेनं उतरल्याचं सांगतात. पुढे प्रतापगड, पन्हाळा आणि मग दूर दक्षिणेत जिंजी. राज्य टिकलं ते या निर्णयामुळे.

रायगडाचा वेढा चालला नोव्हेंबरपर्यंत. मग गड गेला. येसूबाई आणि शाहू कैदेत. तिथून पुढे बादशहाची छावणी जिथे जाईल तिथे ही मायलेकरं. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू सुटले, पण आई ओलीस म्हणून मागेच राहिली, आणि तिला दिल्लीला नेलं. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये ती सातारला परत आली. मोजा. १६८९ ते १७१९, तीस वर्षं. गडाचा वेढा आठ महिन्यांत उठला, तिचा उठायला तीस वर्षं लागली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या तीस वर्षांना किती ओळी मिळतात ते मुलांना विचारून बघा.

त्याच्याही आधी, अहमदनगर. चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० मध्ये नवरा गेला, तिनं विजापूरला लहान वारसाच्या वतीनं कारभार पाहिला, आणि पुढे माहेरी संकट आलं तेव्हा माहेरचा किल्ला सांभाळायला उभी राहिली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद नगरला येऊन बसला. नगरचा किल्ला डोंगरी नाही, भुईकोट आहे. भोवती खंदक आणि गोल तट. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना सुगावा लागला, त्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला मोठं भगदाड पडलं. तेव्हा चांदबीबी हत्यार घेऊन, तोंडावर बुरखा ओढून त्या भगदाडात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत शत्रूला आत येऊ दिलं नाही, आणि रातोरात भगदाड बुजवून घेतलं. सकाळी मोगलांना पुन्हा तट दिसला. दारूगोळा संपल्यावर तिनं तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, अशी कथा सांगतात. कथाच ती, पण कुणी रचली असेल त्याला बाईचं सोनं शेवटी कशाला कामी येतं हे ठाऊक होतं.

१५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड द्यावं लागलं, वेढा उठला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या खेपेला आत फितुरी होती, सरदारांत भांडणं होती. किल्ला टिकणार नाही हे तिला दिसत होतं आणि ती बोलणी करायच्या विचारात होती. "बाई किल्ला विकते आहे," अशी हाकाटी उठवली गेली आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. १६०० च्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बाहेरचा वेढा तिनं एकदा उठवून दाखवला होता.

तिसरी झाशी. इथे एक मराठी साक्षीदार आहे, आणि तो राजा नाही, सरदार नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर निघाले आणि सापडले थेट बंडाच्या धामधुमीत. १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला तेव्हा हे भटजी गावात होते. तोफांचे गोळे, पाण्याची टंचाई, ३ एप्रिलला गोरे शिपाई आत घुसल्यावरची कत्तल आणि लूट, हे सगळं त्यांनी घराच्या आतून बघितलं, आणि म्हातारपणी लिहून ठेवलं. 'माझा प्रवास' या नावानं ते १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापलं. वेढ्यात सापडलेल्या साध्या माणसांचं काय होतं हे मराठीत इतक्या जवळून कुणी सांगितलेलं नाही. राणीचा घोडा सगळ्यांना माहीत आहे. पण झाशीच्या तटावर बायका तोफांपाशी राबताना, दारूगोळा वाहून नेताना दिसत होत्या, हे लढणाऱ्या इंग्रजांनीच नोंदवलं आहे. त्या बायकांची नावं कुणाकडे नाहीत.

वेढा फक्त शत्रूच घालतो असं नाही. गावही स्वतःभोवती घालून घेतं. जुन्या गावांना कूस असायचं, म्हणजे मातीची नाहीतर दगडाची भिंत. आत कोणी राहायचं आणि बाहेर कोणी, हे जातीनं ठरलेलं. मंगळवेढ्याचं असंच कूस बांधायचं काम चाललं होतं आणि वेठीला धरलेल्या मजुरांत संत चोखामेळा होते. १३३८ मध्ये ते कूस ढासळलं आणि चोखोबा इतरांबरोबर खाली गाडले गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हतं ती भिंत बांधताना. त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, दोघींनी अभंग रचले. मंगळवेढा या नावातला 'वेढा' आणि आपला वेढा एकच का, असं लगेच कुणी विचारेल. गावाची नावं नुसत्या कानानं सोडवायची नसतात, म्हणून मी ते सोडून देते. नाव काहीही असो, कूस होतं आणि ते पडलं.

कधी कधी वेढा आपणही घातला आहे. १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाई एकदम आली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा. आता हा 'मोर्चा' शब्दही वेढ्यातलाच, किल्ल्यापुढे लावायच्या जागेला मोर्चा म्हणत. तेल, साखर, रवा का मिळत नाही, याचा जाब विचारायला बायकांनी मंत्र्यांना घेराव घातले. घेराव म्हणजे वेढाच की. फरक इतकाच, की या वेळी दाणागोटा आतल्यांचा तुटला नव्हता, बाहेरच्यांचा तुटला होता.

आज वर्तमानपत्रात 'वेढा' सगळ्यात जास्त येतो तो पावसाळ्यात. 'गावाला पुराचा वेढा.' २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणा फुगल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडची गावंच्या गावं पाण्यात उभी राहिली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, लेकरं होती. पाण्याचा वेढा हा शब्द कुणी कवीनं केलेला नाही. नदी पात्र सोडते, ओढ्यातून मागे शिरते, गावामागून येते आणि पुढे मिळते. वाट एकेक करून बंद होते, अगदी चौक्या बसवल्यासारखी. त्या भागातल्या बायकांना हे पक्कं माहीत आहे. रस्त्यावर पाणी कुठे आलं की निघायचं, आणि कुठे आलं की निघण्यात अर्थ नाही, हे त्या पुलाच्या खुणेवरून सांगतात. २०१९ नंतर २०२१ मध्ये पुन्हा त्यांना घरं सोडावी लागली. निघताना काय घेतलं, असं मी त्यांच्यातल्या काही जणींना विचारलं. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, जनावरांची दावी सोडली, आणि अंगावरचं सोनं. भांडी, कपडे, धान्य गेलं. दागिन्यांचा डबा शोधायला वेळ नव्हता. बोटात होतं ते राहिलं.

तर ताई, तुमच्या बोटातलं वेढं आणि रायगडाचा वेढा एकाच शब्दाचे. आता तुम्ही सगळ्यांनी मला सांगायचं. तुमच्या गावात त्याला वेढं म्हणतात, वेढणी म्हणतात की आणखी काही? पायाच्या बोटातल्या चांदीच्या तारेला काय म्हणतात? सासूबाईंना विचारा, जमलं तर एखाद्या जुन्या सोनाराला विचारा, आणि कळवा. डोक्यावर हंडा ठेवताना कापडाचं वेटोळं करतो ती चुंबळ आज मी मुद्दाम घेतली नाही. तिला एक पूर्ण भाग लागेल, आणि तो पाण्याबद्दलचा असेल. नमस्कार.